बाहेर ऐकू येतं का?

तीन रविवार केदार गाडीची दारं उघडून बसला होता. आतल्या पत्र्यावर आवाज दाबणाऱ्या काळ्या चिकट शीट चिकटवायच्या, वर रोलर फिरवायचा, जुने स्पीकर काढून नवे बसवायचे, सगळं व्हिडिओ बघून. ठाण्यात, वर्तकनगरच्या त्यांच्या सोसायटीत हा करमणुकीचा विषय झाला होता. पहिल्या मजल्यावरच्या भाऊंनी खोपटच्या डेपोत तीस वर्षं एसटीची इंजिनं खोललेली. ते येता-जाता विचारायचे, "काय रे, गाडी आहे का स्टुडिओ?"

त्याच्या बायकोला, नीरजाला, हसू येत नव्हतं. उन्हात त्या शीटना डांबरासारखा वास सुटायचा. एखादी वायर घासली तर? मागे त्यांची अडीच वर्षांची श्रिया बसणार.

"फ्यूज लावलायस ना नक्की?"

"लावलाय गं बाई. आठव्यांदा सांगतोय."

मे महिन्यातल्या त्या रविवारी अकराच्या सुमाराला शेवटच्या दाराचं कव्हर बसलं. केदारने किल्ली फिरवून श्रियाचं बडबडगीत मोठ्याने लावलं आणि तिला ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं. ती स्टिअरिंग धरून नाचायला लागली.

"चल, दार लावून बघू. बाहेर ऐकू येतं का?"

"तिला आत ठेवून?"

"अगं, एक मिनिट! काचेतून दिसतेय की."

दार लागलं. केदारने दाराजवळ कान नेला आणि त्याचा चेहरा उजळला. "काहीच नाही! ऐक ना तू!"

नीरजा ऐकत नव्हती, बघत होती. श्रियाने हँडलशेजारची लॉकची पट्टी बोटाने ढकलली. चारही दारं एकदम खट् झाली.

केदारने हँडल ओढलं, हसला. पुन्हा ओढलं. मग हसला नाही.

"किल्ली?"

"आत लावलीये."

दुसरी किल्ली डोंबिवलीला, सासूबाईंच्या देवघरात. गाडीच्या पूजेला दोन्ही किल्ल्या ठेवलेल्या, त्यातली एक तिथेच राहिली. असू दे, देवाजवळ आहे, असं सगळ्यांनीच म्हटलेलं, नीरजानेसुद्धा. केदारने फोन लावला. सासूबाई ओट्यावरचा गॅस बंद करून लगेच निघाल्या, पण त्यांना पोचायला तास तरी लागणार होता.

बॉनेटवर हात ठेवला तर चटका बसत होता. आत श्रियाचं नाचणं थांबलं. तिने दार ढकलून पाहिलं, आईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं. ती रडत होती. गळ्याच्या शिरा दिसत होत्या, केस कपाळाला चिकटले होते. आणि बाहेर काही म्हणजे काही ऐकू येत नव्हतं.

"मागची काच फोड!" भाऊ गॅलरीतून ओरडत खाली धावले. केदारने पाना उचलून मागच्या काचेवर हाणला. पाना घसरला. दुसऱ्या घावाला नुसता ओरखडा उठला. श्रिया दचकून सीटवर दुमडली, डोळे गच्च मिटून.

"लॉक उघड, पिल्लू! ते ओढ!" नीरजा ओरडली. मग तिच्या लक्षात आलं की आत गाणं दणाणतंय. आपण तिला नुसतं तोंड वासलेले, भेसूर दिसतोय.

"केदार, थांब जरा. ती माझ्याकडे बघतच नाहीये."

तिने ओढणीने तोंड पुसलं. काचेला नाक चपटं करून लावलं, जीभ काढली. एक डोळा उघडला. नीरजाने टाळी वाजवली. दोनदा. आतल्या ओल्या हातांनी एकदा वाजवली. नीरजाने कान धरले, श्रियाने धरले. मग नीरजाने हसत, दातांवर दात दाबून, पट्टीच्या समोर काचेवर बोट टेकवलं आणि स्वतःकडे ओढलं. पुन्हा टेकवलं, पुन्हा ओढलं.

श्रियाने काच चाटली.

"लवकर गं," भाऊ मागून पुटपुटले. "लाल झालीये पोर."

नीरजाने पुन्हा बोट ओढलं. श्रियाने खाली पाहिलं, पट्टीत बोट अडकवलं, सोडलं, परत अडकवलं.

खट्.

दार उघडताच गाणं, रडणं आणि गरम वाफ एकदमच अंगावर आली.

भाऊंनी घरातून माठातलं पाणी आणलं. केदार पायरीवर डोकं धरून बसला. "मीच लावलं दार," तो म्हणत होता. ओल्या फडक्याने अंग पुसल्यावर, घोट घोट पाणी प्यायल्यावर श्रिया आईच्या खांद्यावरच झोपून गेली.

नीरजाने तिच्या तोंडाजवळ कान नेला. मग तिने लेकीला हलवलं.

"झोपू दे की तिला," केदार म्हणाला.

तिने पुन्हा हलवलं, जरा जोरात. श्रिया किरकिरली, मग भोकाड पसरून रडायला लागली.

"हं," नीरजा म्हणाली. "रड."