शेवाळाची वाटणी

थोरल्या जावेने बरणी टेबलावर आदळली, तेव्हा आतलं पाणी उसळून धाकटीच्या बाहीवर उडालं. धाकटीने बाही पुसली नाही. बरणीत पान असं उरलंच नव्हतं. सुटे हिरवे कण तरंगत होते, बोट लावलं तर विरतील असे.

"काय केलंस माझ्या शेवाळाला?"

"तुम्ही सांगितलंत तेच, वहिनी. धुऊन दिलं."

हे अगदी खरं होतं, म्हणून तर म्हणताना धाकटीला गोड वाटलं. सासरे गेल्यावर भाऊ-भाऊ वेगळे झाले आणि समुद्रकाठची शेवाळाची रोपवाटिकाही वाटली गेली. सासऱ्यांनी खडकावरून आणून वाढवलेलं रुंद पानाचं शेवाळ थोरलीकडे गेलं. सगळ्या बियाण्याचं मूळ तेच. राहता राहिले त्या पानांवर वस्तीला असलेले जिवाणू. त्यांच्या अभ्यासात धाकटीने उमेदीची वर्षं घातली होती. थोरली त्यांना जंतू म्हणायची. वाटणीला बसल्यावर चारचौघांत तिने सुनावलं होतं, "तिचे जंतू तिलाच लखलाभ. माझ्या शेवाळावर त्यातला एकही नको."

धाकटीने एकही ठेवला नाही. औषधाच्या पाण्यात पुन्हापुन्हा बुडवून ती अक्षरशः हात धुऊन त्यांच्या मागे लागली. थोरलीच्या टाक्यांत पाणी निर्जंतुक केलेलंच असे, तेव्हा तिथे नवे येण्याचाही प्रश्न नव्हता. हे जिवाणू पाण्यात जी रसायनं सोडतात त्यांच्याशिवाय शेवाळाला पान धरता येत नाही, हे धाकटीला पक्कं ठाऊक होतं. तिने ते सांगितलं नाही. तिला विचारलं होतं कुणी?

"तू धुऊन दिल्यापासून सगळ्या टाक्यांत हेच," थोरली म्हणाली. "जुनी पानं गळाली, नवं धरत नाही. बियाणं म्हणून काय देऊ लोकांना, हा चिखल?"

"मग?"

थोरली खिडकीबाहेर बघू लागली. या घरात आल्यापासून तिने फक्त हुकूम सोडले होते; मागायची तिला सवयच नव्हती. धाकटी तिच्या तोंडाकडे बघत बसली. याच घटकेसाठी ती इतके महिने आतल्या आत जळत होती, आणि आता तिला मुळीच घाई नव्हती.

"तुझे ते... जिवाणू हवेत," थोरली शेवटी म्हणाली. "थोडे दे."

"जंतू म्हणा की. राग नाही यायचा त्यांना."

"जखमेवर मीठ चोळू नकोस. दे म्हटलं ना."

धाकटी उठली. फळीवरून चंबू काढताना तिला हसू आवरेना. वाटणीपासून तिने जिवाणूंना साखरपाण्यावर ठेवलं होतं आणि ते चांगले दाट वाढले होते. त्यातला थेंब तिने काचपट्टीवर घेतला, शेजारी बरणीतला हिरवा कण सोडला आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला.

पुढचं तिने शेकडो वेळा पाहिलेलं होतं. शेवाळातून पाझरणाऱ्या रसाचा सुगावा लागला, की गुळाला मुंगळे लागावेत तसे जिवाणू धावत येत आणि त्याला चिकटून बसत.

आज कुणी आलं नाही. ठिपके सैरावैरा पोहत राहिले. काही तर कणाला घासून सरळ पुढे गेले. तिने दुसऱ्या चंबूतला थेंब घेतला, मग तिसऱ्यातला. आयतं खाऊनखाऊन त्यांना शेवाळाची ओढच उरली नव्हती. ज्यांना ती ओढ होती ते पानांवरचे जिवाणू तिनेच धुऊन मारले होते, आणि नवे आणायचे तर सासऱ्यांच्या खडकावर आता बोटींचा धक्का उभा होता.

"काय गं? येतायत का?"

धाकटीने डोळा काढला नाही. काढला असता तर थोरलीकडे बघावं लागलं असतं.

थोरलीने स्टूल ओढलं आणि ती तिच्याजवळ टेकली.

"लागू दे वेळ, मी थांबते," ती म्हणाली. तिचा असा आवाज धाकटीने कधी ऐकला नव्हता. "त्या दिवशी माझंच चुकलं. एवढं वाचव. मग तू म्हणशील तसं."

"हो," धाकटी म्हणाली, आणि सूक्ष्मदर्शकाचं चाक उगाच फिरवत राहिली.