चार नंबरच्या गाडीचं ऑइल

चौकशी समितीने मिस्त्रींना दोषी ठरवलं. पण तो कागद निघायला अजून महिना आहे, तेव्हा तसं काही घडलेलंच नाही असं धरून चालू.

"पुस्तकात पाच-तीस ग्रेडचं ऑइल लिहिलंय," मिस्त्री म्हणाले आणि त्यांनी चार नंबरच्या नव्या रुग्णवाहिकेचं पुस्तक रुग्णालयाच्या स्टोअरकीपरच्या टेबलावर उघडून ठेवलं.

स्टोअरकीपरने त्यावर चहाचा कप ठेवला. "पिंपात वीस-पन्नास आहे. आकडा मोठा आहे की. तुमचा फायदाच झाला."

"जाड असतं ते. जुन्या तीन गाड्यांना चालतं. हिच्या इंजिनातल्या वाटा बारीक आहेत. सकाळी थंडीत सुरू केली की ते टर्बोच्या पंख्यापर्यंत पोचायला वेळ लागतो. तोवर टर्बो कोरडा फिरतो."

"ऑइल ते ऑइल, मिस्त्री."

"मग डोळ्यांतले थेंब संपले की फिनेल घालत जा. तेही बाटलीतच येतं."

प्रकरण साहेबांकडे गेलं. साहेब समजुतीने घेणारे. म्हणाले, "एक म्हणतो पाच, दुसरा म्हणतो वीस. साडेबारावर मिटवा ना."

"साहेब, हे इंजिन आहे. भाडेकरूंचं भांडण नाही."

"मग लेखी द्या."

मिस्त्रींचं अक्षर पान्याने काढल्यासारखं, म्हणून घरचे सगळे कागद बायको लिहायची. तिने वर ठळक 'विनंती अर्ज' लिहिलं आणि खाली पुस्तकातला मजकूर जसाच्या तसा उतरवला. अर्ज तिसऱ्या दिवशी मंजूर झाला. दोन दिवसांची किरकोळ रजा.

"मी रजा मागितलीच नाही," मिस्त्री कारकुनाला म्हणाले.

"विनंती अर्ज म्हणजे रजाच. एकवीस वर्षांत तुम्ही तरी इथे दुसरी कसली विनंती केलीत?"

"रद्द करा मग."

"साहेबांची सही लागेल. साहेब रजेवर आहेत."

मिस्त्रींनी स्वतःच बाजारातून पाच-तीसचा डबा आणला. फाटकावर पहारेकऱ्याने दोघांनाही अडवलं. डबा बाहेरचा होता आणि मिस्त्री रजेवर होते. त्याच दुपारी शिपायाने पिंपातलं ऑइल पाण्याच्या मगाने चार नंबरमध्ये ओतलं. सांडलं फार नाही, असं तो पुढे जबाबात अभिमानाने सांगणार होता.

रजा संपल्यावर मिस्त्री ते ऑइल काढायला निघाले, तर स्टोअरकीपर म्हणाला, "काढा. आणि घालणार काय, पाणी? बाहेरचा डबा आत येणार नाही."

मग त्यांनी ड्रायव्हरला बाजूला घेतलं. "तात्या, सुरू केली की दोन मिनिटं उभी ठेवत जा."

"आणि पेशंटला काय सांगू? ऑइल चढतंय, तोवर बसा?"

अठराव्या दिवशी सकाळी पुलावर गाडीने आधी शिट्टी मारली, मग निळा धूर काढला, मग काहीच केलं नाही. आत शिवणकाम करणाऱ्या एक बाई होत्या. छातीत दुखत होतं. बोटात अजून अंगुस्तान होतं. दुसरी गाडी यायला चाळीस मिनिटं लागली. बाईंकडे तेवढी नव्हती.

मिस्त्रींनी संध्याकाळी टर्बो उघडला. आतला दांडा तापून निळा पडला होता. दाराशी स्टोअरकीपर आला.

"वाईट झालं. पण मिस्त्री, ऐन ऑइल भरायच्या दिवशी तुम्ही रजेवर जायला नको होतं."

मिस्त्रींच्या हातात तेव्हा मोठा पाना होता. तो त्यांनी कपड्याने पुसला, जागेवर टांगला, आणि हात धुवायला गेले. तीनदा धुतले.

आता तो कागद आलाच आहे. 'जबाबदार व्यक्ती ऑइल भरतेवेळी स्वेच्छेने रजेवर.' खुलासा सात दिवसांत.

बायकोने चष्मा लावला, पेन झटकलं. "विषय?"

"हा रजेचा अर्ज नाही."

तिने लिहिलं. खाली दोन रेघा मारल्या. "पुढे?"

मिस्त्री नखांतलं काळं काढत सांगत गेले, आणि ती एकदाही मान वर न करता लिहीत गेली:

'तरी मेहेरबान साहेबांस विनंती की, सदर पिंपास समितीपुढे हजर करून त्याचा जबाब घ्यावा. तसेच सदर महिलेस पुलावर कमी पडलेली चाळीस मिनिटे खास बाब म्हणून मंजूर करावीत, व ती माझ्या शिल्लक रजेतून वळती करून घ्यावीत.'