आमच्या पट्टीतले बापू

वर्तमानपत्रातली रोजची चित्रपट्टी मी एकतीस वर्षं काढली, आणि त्यातली बहुतेक सगळी सासऱ्यांच्या जिवावर. पट्टीत तीन चौकटी. पहिलीत बापू नावाचे निवृत्त गृहस्थ एखादी बिघडलेली वस्तू हातात घेतात, दुसरीत ती उघडतात, तिसरीत घरातले लोक नवीन वस्तू आणायला बाहेर पडतात. एवढंच. लोकांना ते आवडायचं, कारण प्रत्येक घरात असा एक माणूस असतो आणि तो माणूस दुसराच कुणीतरी आहे अशी त्याची खात्री असते.

सासऱ्यांची तर होतीच. पंखा, इस्त्री, दाराची कडी, शेजाऱ्यांचा रेडिओ, त्यांच्या हातून काही सुटलं नव्हतं. सासूबाई सकाळी फोनवर ताजा वृत्तान्त द्यायच्या आणि दुपारपर्यंत माझी पट्टी कार्यालयात पोचायची. ओळख पटू नये म्हणून बापूंना मी माझ्या वडिलांच्या मिशा चिकटवल्या होत्या. झालं असं, की सासरे दर रविवारी आमच्याकडे येऊन पट्ट्यांवर मनसोक्त हसायचे आणि मला बाजूला घेऊन सांगायचे, की व्याह्यांना जरा आवरा, घर मोडून ठेवतील. आपल्या घरी अगदी असंच झालं होतं हे त्यांना आठवायचं, पण तिथे दोष कंपनीचा असायचा.

आमच्याकडेच राहणारे माझे बाबा नोंदणी कार्यालयात चौतीस वर्षं कारकून होते. त्यांनी आयुष्यात खिळा ठोकला नव्हता. बल्ब गेला तर ते अंधारात शांत बसून राहायचे.

पट्टीच्या पंचविसाव्या वर्षी संपादकांनी ठरवलं, की माझी मोठी मुलाखत छापायची आणि बापू खरे कोण ते वाचकांना सांगून टाकायचं. मी म्हटलं, काल्पनिक आहेत. ते म्हणाले, मग फोटो कुणाचा छापू?

घरी खल झाला. बायकोचं म्हणणं, एकदाचं सांगून मोकळे व्हा. सासूबाईंनी मात्र मान हलवली.

"त्यांना कळलं ना, तर हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवतील आणि दिवसभर खिडकीशी बसून राहतील," त्या म्हणाल्या. "निवृत्त झाल्यावर वर्षभर तसेच बसले होते. मी पाहिलंय ते. वस्तू मोडलेल्या चालतात मला."

माझ्या पट्टीचं काय होईल, हे कुणी विचारलं नाही.

मुलाखत रविवारी ठरली. सासऱ्यांना त्या दिवशी येऊ नका असं बजावून सांगितलं होतं, त्यामुळे ते सासूबाईंना घेऊन अर्धा तास लवकर आले. पाठोपाठ वार्ताहर बाई फोटोग्राफरला घेऊन आल्या आणि बसल्या बसल्या त्यांनी तोच प्रश्न विचारला. मी चहाचा घोट लांबवला. तेवढ्यात सासऱ्यांनी शेजारी बसलेल्या बाबांच्या पाठीवर थाप मारली.

"हे काय, समोरच तर बसलेत. आमचे व्याही. मिशा बघा की."

मग त्यांनी स्वतःच्या घरचे सात-आठ पराक्रम व्याह्यांच्या नावावर रंगवून सांगितले. बाईंनी ते भराभर लिहून घेतले आणि बाबांकडे वळून विचारलं, की हे खरं का? सासूबाई हातातला ट्रे तसाच धरून उभ्या राहिल्या. नोंदणी कार्यालयात एका चुकीच्या तारखेपायी माणसं परत पाठवणारे माझे बाबा. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"हो, मीच तो," ते म्हणाले. "सवयच आहे. काय करणार."

फोटोग्राफर म्हणाला, हातात काहीतरी धरा. सासऱ्यांनी खिशातून आपला स्क्रू ड्रायव्हर काढून दिला. बाबांनी तो उलटा धरला. तसाच छापून आला.

अंक आला त्या सकाळी मी बाबांची माफी मागायला त्यांच्या खोलीत गेलो. त्यांनी पाच प्रती विकत आणल्या होत्या.

"अरे, चौतीस वर्षं लोक माझ्या खिडकीवर येऊन गेले," ते म्हणाले. "एकालाही माझा चेहरा आठवत नाही. आज पेपरवाला मला बघून हसला. असू दे."

मी सुटकेचा निःश्वास टाकतोय तोच दार वाजलं. सासरे हत्यारांची पेटी घेऊन उभे होते. त्यांचं म्हणणं, आता जगजाहीर झालंच आहे, तर व्याह्यांना निदान हत्यार सरळ धरायला शिकवणं भाग आहे. बाबांनी गुन्हा कबूल केलेला असल्यामुळे त्यांना नाही म्हणता येईना.

त्यानंतर दोघांची बैठक रोज आमच्याकडे भरू लागली. पहिल्या आठवड्यात दारावरची घंटा गेली, दुसऱ्यात भिंतीवरचं घड्याळ. सासूबाईंचे सकाळचे फोन बंद झाले. एकदाच आला, तो त्यांची इस्त्री गॅरंटी संपेपर्यंत टिकली हे सांगायला. तिसऱ्या आठवड्यात पाळी माझ्या टेबलावरच्या दिव्याची होती. मी कागद-पेन्सिल उचलून गॅलरीत, उजेडात जाऊन बसलो. आतून बाबांचा काळजीचा आवाज आला, की सगळं बसवून झालं, पण एक स्क्रू उरलाय.

"उरतोच एक," सासरे त्यांना समजावत होते. "तो खिशात टाकायचा आणि कुणाला सांगायचं नाही."