ताईंच्या वाढदिवसाची पिवळी रेघ

या, असे पुढे सरकून बसा. दाराशी बसलेल्याला गोष्ट अर्धीच मिळते, आणि ही गोष्ट अर्धी घेऊन जाण्यासारखी नाही. एका बस डेपोची आहे. तिच्यात राजे नाहीत, चमत्कार नाहीत. ग्रीस आहे, नट कसायचे पाने आहेत, आणि चांगलं करायला गेलेल्या एका माणसामुळे बत्तीस जिवांवर कशी वेळ आली ते आहे. मन इथं ठेवा, सांगतो.

त्या डेपोच्या वर्कशॉपची फोरमन एक बाई होती. सगळे तिला ताई म्हणत. तिच्या बरोबरीच्या वयाचे होते तेही ताईच म्हणत. जीभ धारदार, पण कुणाच्या घरी आजारपण निघालं की पहिली चौकशी तिचीच. तिचा अठ्ठावन्नावा वाढदिवस आला. नोकरीतला शेवटचा. दरवर्षी मंडळी मिळून तिला भिंतीवरचं घड्याळ देत. ताईंच्या घरी आता सात घड्याळं होती आणि सातही वेगवेगळी वेळ दाखवत.

आदल्या दिवशी पाळी सुटताना ताईंनी सगळ्यांना नळापाशी अडवलं.

"उद्या मला काही आणायचं नाही. घड्याळ तर मुळीच नाही. मला द्यायचंच असेल तर प्रत्येकाने दुसऱ्यासाठी एक चांगलं काम करायचं. आणि ते कुणाला सांगायचं नाही. मलाही नाही. बोललात की ते काम मी धरणार नाही."

"देवाला तरी सांगायचं का?" कुणीतरी मागून विचारलं.

"त्याला आधीच ठाऊक असतं. तू हात धू आणि घरी जा."

दुसऱ्या दिवशी सकाळी वर्कशॉपचा रंगच वेगळा होता. पिण्याच्या पाण्याचा माठ घासून भरलेला. वेल्डरच्या चपलेचा तुटलेला अंगठा शिवून ठेवलेला. ताईंना हसू येत होतं, पण त्या मुद्दाम कपाळाला आठ्या घालून हिंडत होत्या.

नऊच्या सुमारास पैलवान धावत केबिनच्या दारात आला. हा चाकांचा फिटर. अंगाने दोन माणसांएवढा, म्हणून पैलवान.

"ताई, बहिणीचा फोन आला. आई न्हाणीघरात पडली."

"मग इथं काय उभा आहेस? पळ!"

तो पळाला. ताईंनी हातातलं काम काय होतं ते विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. आईचं नाव निघाल्यावर कोण विचारणार?

आता चाकाची एक गोष्ट कळली पाहिजे, नाहीतर पुढचं कळणार नाही. बसचं चाक बसवलं की त्याचे दहा नट आधी हाताने फिरवतात आणि मग लांब दांड्याच्या पान्याने, अंगाचा भार टाकून, एकेक करून कसतात. कसून झालं की प्रत्येक नटावरून चाकाच्या पत्र्यापर्यंत पिवळ्या रंगाची बारीक रेघ ओढायची. पुढे नट जरा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते. ज्याने कसलं त्यानेच रेघ ओढायची हा नियम. रेघ नाही तर गाडी फाटकाबाहेर जात नाही. फाटकावरचा पहारेकरी दुसरं काही पाहत नाही, रेघा पाहतो.

दहा वाजून दहा मिनिटांनी केबिनमधला फोन वाजला. पैलवान इस्पितळातून बोलत होता.

"ताई, आई ठीक आहे. मांडीचं हाड गेलंय, पण शुद्धीवर आहे. मलाच शिव्या देतेय, म्हणजे ठीकच."

"देवाची कृपा. तू तिथंच थांब."

"थांबतो. तेवढी तीन नंबरच्या खड्ड्यावरची गाडी कुणालातरी द्या. मागचं डावं चाक. नट नुसते हाताने फिरवून ठेवलेत, पाना मारायचा राहिलाय."

ताईंनी काचेतून पाहिलं. गाडीखाली उतरून काम करायचा तो तीन नंबरचा खड्डा रिकामा होता.

"रेघ मारली होतीस?"

"पाना नाही तर रेघ कशी मारीन, ताई? रेघ नाही म्हणूनच तर बिनघोर निघालो. का? काय झालं?"

"काही नाही. आईला बघ," म्हणत ताईंनी फोन ठेवला आणि लगेच फाटकाचा लावला.

"तीनची गाडी? साडेनऊला गेली की," पहारेकरी म्हणाला. "रेघा होत्या ना! दहाच्या दहा मोजल्या. एवढ्या सरळ, एवढ्या सुबक, म्हटलं आज पैलवानाचा हात बसला वाटतं."

पैलवानाच्या रेघा गोगलगाय चालून गेल्यासारख्या असत. डेपोत सरळ रेघ ओढणारा माणूस एकच होता. पण ते बघायला आत्ता वेळ नव्हता.

ती गाडी विनाथांबा, विनाकंडक्टर. तिकिटं खिडकीवरच फाडलेली. ड्रायव्हरचा फोन नियमाप्रमाणे बंद, पिशवीत. सुटल्यापासून साधारण तासाभराने डोंगराचा उतार लागायचा, सात वळणांचा. म्हणजे हातात वीस मिनिटं, फार तर पंचवीस. ताईंनी दोन फिटर आणि लांब पाना देऊन जीप सोडली. ती पोचणार नाही हे जीपवाल्यालाही माहीत होतं. कंट्रोलला कळवलं. तिकडून उत्तर आलं की पोलिसांची चौकी उताराच्या खाली आहे, वर कुणी नाही.

"खिडकीवरून बुकिंगचा कागद आणा," ताई ओरडल्या. "आधी जागा धरलेल्यांचे फोन नंबर असतात त्याच्यावर!"

बुकिंगवाली पदर सावरत धावत आली. बत्तीस प्रवाशांपैकी सहा जणांनीच आधी जागा धरली होती. ताईंनी फोनचा आवाज मोठा केला. वर्कशॉपातली मंडळी दारात गोळा झाली.

चार नंबरची सीट. फोन बंद.

सात नंबरची सीट. घंटा वाजत राहिली, वाजत राहिली, थांबली.

अकरा नंबर. एका बाईने उचलला.

"नमस्कार, मी बस डेपोतून बोलते. तुम्ही बसलात त्या गाडीचं मागचं चाक सैल आहे. कृपा करून ड्रायव्हरला सांगा—"

"अस्सं! आणि मग तुम्ही एक नंबर पाठवणार, तो मी तुम्हाला वाचून दाखवणार. गेल्या आठवड्यात माझी वीज तोडत होतात, आज चाक काढायला आलात होय?"

"बाई, तसं नाही हो—"

फोन कट. पुन्हा लावला, उचलला नाही.

पंधरा नंबर. एक आजोबा. "जरा मोठ्याने... हो, हो, मुलाकडे काम आहे ना? मुलगा घरी असतो. मी प्रवासात आहे. संध्याकाळी करा." ठेवला.

बावीस नंबरचा फोन घरी राहिलेल्या सासूबाईंनी घेतला. "सूनबाई ना? गेली ती. रागावून गेलीय. तुम्ही तिच्या माहेरचे का?"

बुकिंगवाली तोंडाला पदर लावून रडायला लागली. घड्याळात दहा बावीस झाले होते.

तेवढ्यात दारातल्या गर्दीतून रंगारीकाका पुढे आले. बसवर नंबर आणि पाट्या रंगवणारे म्हातारे. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. आवाज इतका हळू की मिश्यांच्या बाहेर पडत नसे. कानामागे ब्रश, अंगठ्याला पिवळा रंग.

"ताई, गाडी कुठली? तीन नंबरची?"

ताईंनी त्यांच्या अंगठ्याकडे पाहिलं. काकांनीही पाहिलं.

"रेघ नव्हती," काका म्हणाले. "म्हटलं, बिचारा आईसाठी पळाला, रेघ ओढायची राहिली. पाना बाजूलाच पडला होता. मला वाटलं झालंय काम. फाटकावर गाडी अडेल, त्याच्यावर ठपका येईल... आणि तुमचा वाढदिवस... म्हटलं—"

"काका, नंतर," ताई म्हणाल्या. त्या पुन्हा अकरा नंबर लावत होत्या. कोण उरलं होतं? एकोणतीस नंबर लागतच नव्हता.

यावेळी त्या बाईने उचलला. "हे बघा, आता मी पोलिसांत देईन. माझा भाचा पोलिसात आहे."

"द्या हो, जरूर द्या, पण आधी गाडी थांबवा! तुम्हाला कसं पटवू? डेपोचा नंबर घ्या, गाडीचा नंबर सांगते—"

"ते सगळं तुमच्यासारख्यांकडे असतंच. नाव, पत्ता, सगळं. ठेवते मी."

"बाई, ठेवू नका!" काकांनी फोन ताईंच्या हातातून अक्षरशः ओढून घेतला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचा आवाज मिश्यांच्या बाहेर पडला होता. "ठेवू नका. ते मी केलंय. माझ्या हातून झालंय."

पलीकडे इंजिनाची घरघर.

"काय केलंय?"

"चाक कसलेलं नव्हतं. कसल्याची खूण मी केली. न बघता केली. ती बघून गाडी सोडली."

"कसलेलं नव्हतं तर मग तुम्हीच का नाही कसलंत?"

"मला कसता येत नाही, बाई. मी रंगारी आहे. मला नुसती रेघ ओढता येते."

काकांनी फोन दोन्ही हातांनी धरला.

"माझी नोकरी जाईल आता. तुरुंगातही घालतील. घालू देत. तुम्ही भाच्याला सांगा, मीच त्याच्याकडे येतो. पण आत्ता उठा हो. समोर उतार येईल. तुमच्या पाया पडतो, उठा."

लुबाडायला बसलेला माणूस स्वतःचा गुन्हा असा कधी कबूल करतो का? तिलाही तेच वाटलं असणार. ती म्हणाली, "फोन चालू ठेवा."

मग आवाज ऐकू आले. पिशव्यांची सळसळ. कुणाच्यातरी पायावर पाय पडला, कुणी चिडलं. आणि ड्रायव्हर: "मावशी, बसा जागेवर. चालत्या गाडीत उठायचं नाही."

"गाडी थांबव आधी. चाक निघतंय."

"कोण म्हणतं?"

"तुझ्या डेपोचे लोक म्हणतात. हा घे, कानाला लाव."

"गाडी चालवताना फोन घेत नाही मी, मावशी. नियम आहे."

"मग मी धरते तुझ्या कानाशी! ऐक, नाहीतर छत्री मारीन डोक्यात!"

ताई फोनवर वाकल्या. "मी ताई बोलतेय. आवाज ओळखलास ना? ब्रेक जोरात दाबू नको. पाय काढ, गिअरवर हळू कर. स्टिअरिंग घट्ट धर. मागचं डावं चाक हाताने लावलंय नुसतं."

ड्रायव्हर म्हणाला, "मघापासून डावीकडे काहीतरी खडखडत होतं. मला वाटलं कुणाचा डबा."

घरघर उतरत गेली. खालचा गिअर. आणखी खालचा. गाडीने एक हिसका खाल्ला तसं आत कुणीतरी किंचाळलं, आणि केबिनमध्ये बुकिंगवालीने काकांचा दंड धरला. मग इंजिन बंद झालं. दार उघडल्याचा सुस्कारा आला, पावलं, खडीचा आवाज.

"ताई," ड्रायव्हरचा आवाज बदलला होता. "चार नट गेलेत. उरलेले बोटांनी फिरतायत. चाक वाकडं झालंय."

"उतार?"

"समोर दिसतोय. पहिलं वळण."

ताई खुर्चीवर बसल्या. देवाचं नाव घेत त्यांनी हात जोडले. दारातल्या मंडळींपैकी एकेकाने तसेच हात जोडले. काका मात्र भिंतीला पाठ लावून खाली बसले होते आणि अंगठ्यावरचा रंग शर्टाला पुसत होते. तो वाळला होता, निघत नव्हता.

बदली गाडी गेली, माणसं सुखरूप पोचली. दुपारी ताईंनी रिपोर्ट लिहायला घेतला. काकांनी त्यांच्यासमोर उभं राहून सांगितलं, "माझं नाव लिहा. पैलवानाचं नको, त्याची आई पडलीय."

"त्याचंही लिहिणार. काम अर्धं टाकून, न सांगता गेला. आणि पहिलं नाव माझं आहे."

"तुमचं? तुम्ही काय केलंत?"

"मी म्हणाले, कुणाला सांगू नका. वर्कशॉपात, काका! जिथं नट कसला तरी ओरडून सांगतात, तिथं मी माणसांना गप्प राहायला शिकवलं. तुम्ही नुसतं एकदा हाक मारली असतीत, 'अरे, याची रेघ राहिलीय, ओढू का?' तर कुणीतरी म्हणालं असतं, थांबा, बघतो. मी ती हाक बंद केली."

"तुमच्या मनात चांगलंच होतं, ताई."

"तुमच्याही होतं. म्हणून तर लिहिताना हात जड झालाय."

चौकशी झाली. ताईंना शेवटच्या महिन्यात ठपक्याचं पत्र आलं. पैलवानाला ताकीद मिळाली. काकांना दोन महिने घरी बसवलं आणि परत घेतल्यावर त्यांचा ब्रश काढून घेतला. उरलेली दोन वर्षं त्यांनी भांडारात बसून काढली. हातात रंग नाही याचं त्यांना फार वाईट वाटे, पण तक्रार कधी केली नाही. अकरा नंबरच्या मावशी एकदा डेपोत येऊन त्यांना शोधत भांडारापर्यंत गेल्या. म्हणाल्या, "भाच्याला सांगितलं नाही हं मी अजून." काका तेव्हा हसले म्हणतात.

गोष्ट इथंच ठेवतो. उठण्याआधी एवढंच मागणं आहे. आज घरी जाऊन देवापुढे हात जोडाल, घरच्यांसाठी मागाल, मुलाबाळांसाठी मागाल, तेव्हा भांडारातल्या त्या म्हाताऱ्या रंगाऱ्यासाठीही एक क्षण थांबा. चूक सगळ्यांसमोर, मोठ्याने, वेळेवर बोलून दाखवणारी माणसं थोडी असतात. त्याला आठवणीत असू द्या.