पुढचा खण

तीर्थपुरीच्या खालच्या अंगाला, गोदावरीच्या उतारावर, रखमाजी भोई माणसं पार करायचा. त्याच्या बापाजवळ लाकडाची नाव कधीच नव्हती. बकऱ्याचं सबंध कातडं तोंडानं फुगवायचं, मान आणि पाय दोरीनं आवळायचे, आणि अशी आठ कातडी बांबूच्या चौकटीखाली बांधायची. ती झाली सांगड. बाजारकरी, लेकुरवाळ्या, पोलीस पाटलाचे कागद, सगळं तिच्यावरून पलीकडं जायचं.

या कामात एक रीत होती. ज्यानं कातडं फुगवलं, त्यानंच संध्याकाळी त्याची गाठ सोडायची. दुसऱ्यानं सोडली तर फुगवणाऱ्याचा श्वास उघड्यावर पडतो आणि त्याला घर सापडत नाही, असं जुने लोक सांगत. फुगवणारा मेलाच, तर कातडं न सोडता तसंच धारेला लावून देत.

मोठी लढाई संपली त्या साली रखमाजीचा एकुलता पोरगा कचरू लष्कराच्या छावणीतून घरी आला, तो बैलगाडीत रबराची नाव घालून. तिथं तो तीन वर्षं असल्या नावांना ठिगळं लावायच्या कामावर होता. मोडीत निघालेली एक नाव साहेबानं त्याला देऊन टाकली होती. ती काठावर फुगवून ठेवली तेव्हा सगळं गाव बघायला लोटलं.

तेलाचा व्यापारी रामकिसन म्हणाला, "रखमाजी, नाव हाय का ही, का व्याह्यानं धाडलेली गादी?"

"बसून तर बघा, शेठ. गादीवर झोप येते, हिच्यावर देव आठवतो."

कचरूनं बापाला नावेची एकेक वस्तू शिकवली. पंचावन्न वर्षांचा रखमाजी पोरासमोर मांडी घालून बसे.

"बा, ही भोवतीची जाड वळी, हा नळा. नळ्यात चार खण. दर दोन खणांमधी रबराचा पडदा. ह्याची हवा त्याच्यात जात न्हाई. एक खण फुटला तर बाकीचे तीन तारतेत."

"अन् हे कान?"

"वल्हं अडकवायचे. भोवतीनं हातदोर, पडलेल्या माणसाला धरायला. तळाला फळ्या. हा पितळी वॉल, इथून हवा भरायची. अन् हा भाता, पायानं दाबायचा."

पुढच्या खणाचा वॉल मात्र गाडीत आपटून तुटला होता. कचरूनं तिथं बाभळीची खुंटी तासून बसवली आणि कातड्याला आवळतात तशी वरून दोरी आवळली. त्या तोंडाला भाता लागेना. म्हणून तीन खण भात्यानं भरायचे आणि पुढचा कचरू तोंडानं फुगवायचा. संध्याकाळी त्याची खुंटी तोच काढायचा. छावणीत राहून आला, पण रीत विसरला नव्हता.

श्रावणात पाणी चढलं. नाव ओढून न्यायला पैलतीरी बांधलेला दोर काट्याच्या झुडपात गुंतला. तो सोडवायला कचरू पोहत गेला आणि डोळ्यांदेखत धारेखाली गेला. तीन दिवस लोकांनी काठ पालथा घातला. अंग सापडलं नाही. नाव काठावर होती, आणि तिच्या पुढच्या खणात त्यानं सकाळी भरलेला श्वास होता.

दहाव्याची गोष्ट निघाली तेव्हा आई चतुराबाई नावेला पाठ लावून बसली.

"त्याचा श्वास हितं हाय. मंग पिंड कुणाला देता?"

रबर हवा धरून ठेवत नाही, हळूहळू सोडतं. हे कचरूनंच सांगितलेलं. पंधरा दिवसांत बाकीचे तिन्ही खण मऊ पडले, त्यांना सुरकुत्या आल्या. पुढचा तसाच टणक. रखमाजी रोज बोटानं दाबून बघायचा. एकदा त्यानं कान लावला. आत झोपलेलं माणूस कूस बदलतं तसा आवाज आला. ऊन तापलं की रबर कुरकुरतं, हे त्याला माहीत होतं. तरी त्यानं पुन्हा कान लावला नाही.

चतुराबाई दिवसा घरी येईनाशी झाली. भाकरी काठावर न्यावी तर चतकोर खाऊन बाकीची माशांना टाकायची. अंगावर मांस राहिलं नाही. घरापासून काठापर्यंत हाकेचं अंतर, तेवढ्यात तीनदा खाली बसायची. छाती भात्यासारखी वाजायची. वैद्यानं नाडी बघितली आणि रखमाजीला बाजूला नेऊन सांगितलं, "बाईला तिथून उठव. न्हाई तर दिवाळी बघायची न्हाई ती."

पण उठवायचं कसं? खण सोडायचा अधिकार कचरूचा. नाव धारेला लावावी, तर रखमाजीचा हात होईना आणि चतुराबाई होऊ देईना.

आश्विनातल्या एका भर दुपारी तो पाणी घेऊन काठावर गेला. चतुराबाई नावेवर ओणवी झाली होती. खुंटी तिच्या मुठीत होती, तोंड खणाच्या तोंडाला होतं, मानेच्या शिरा दोरीसारख्या ताठल्या होत्या. ती फुगवत होती.

रखमाजीच्या हातातला तांब्या पडला. तिनं घाईनं खुंटी बसवली, वरून दोरी आवळली आणि धापा टाकत खाली बसली.

"कधीपासून?" त्यानं विचारलं.

"आठ दिस झाले."

"आठच? त्याच्या आधी दीड महिना कसा राह्यला मंग?"

"मला काय माहीत? आपोआप राह्यला. आठ दिसांमागं पैल्यांदा बोट रुतलं. मी भ्याले. म्हनलं, चालला हा."

रखमाजी तिच्याजवळ बसला.

"चतुरा, आता त्यात तुझा बी श्वास हाय."

"मंग?"

"मंग तुला सोडता येतंय. मला न्हाई, गावाला न्हाई. तुला येतंय."

"अन् त्याचा?"

"तुझ्यासंगं येईल. पैल्यांदा बी तुझ्यातनंच आल्ता की."

तिनं त्याच्याकडं रागानं पाहिलं. मग नजर खाली गेली. दोरीची गाठ सोडायला तिला फार वेळ लागला. रखमाजीनं हात पुढं केला नाही. खुंटी निघाली. हवा बाहेर पडू लागली. चतुराबाईनं तळहात धरला.

"गरम हाय," ती म्हणाली. "माझी हाय ही."

खण हळूहळू बसत चालला. एकाएकी तिनं हात मागं घेतला, परत धरला.

"आता गार येती. बघा."

रखमाजीनं हात धरला. वर ऊन आग ओकत होतं, रबराला हात लावला तर चटका बसत होता, आणि आतून येणारी हवा डोहाच्या तळासारखी गार होती. ओली होती. ती खूप वेळ येत राहिली, एवढ्या खणात मावणार नाही इतका वेळ. मग थांबली. खण जमिनीला टेकला.

तेवढ्यात पैलतीरावरून हाक आली.

"नाव आणाऽऽ!"

उतारू रोज मारतात तीच हाक. दोघांनी एकदम वर पाहिलं. पलीकडं वाळू मोकळी होती. काट्याचं झुडूप होतं. माणूस नव्हतं. पण आवाज दोघांनी ओळखला.

चतुराबाई उठून उभी राहिली. पाण्यात दोन पावलं गेली. तिला धरावं हे रखमाजीला सुचेना.

"नाव आणाऽऽ!"

"सांगा त्याला," ती मागं न बघता म्हणाली.

"काय सांगू?"

"नाव न्हाई म्हनून."

रखमाजी पलीकडच्या मोकळ्या वाळूकडं बघत राहिला. मग तिनंच तोंडाला दोन्ही हात लावले आणि छातीत उरलं होतं तेवढं सगळं घालून ओरडली,

"नाव न्हाई, बाबाऽऽ! आता नाव न्हाईऽऽ!"

पाणी वाहत होतं. बाकी काही ऐकू येईना. ती घोटाभर पाण्यात तशीच उभी राहिली, मग वळली. लुगड्याचा ओचा पिळला.

"दहाव्याला तांदूळ लागतील," ती म्हणाली. "घरात मूठभर बी न्हाईत. येताना रामकिसन शेठकडून घेऊन या."

आणि चढावाला लागली. वाटेत एकदा बसली, पुन्हा उठली, घराकडं गेली.

पुन्हा हाक आली नाही. रखमाजी मात्र दिवस मावळेपर्यंत कान देऊन तिथंच उभा राहिला.