चित्राची कापलेली कड

“डोंगरापल्याड लेकीचं गं घर... धुक्या तुला सांगते, जरा बाजूला सर...”

आवाज आईचा — पंचेचाळीस वर्षांपूर्वीचा, जांबोटीच्या खाचरात, चिखलात वाकून भाताची रोपं लावताना उमटलेला — आणि अक्काताईच्या बोटांत मात्र नव्या रिमोटवरचा पातळ पारदर्शक कागद, अर्धा सोललेला, नखाला चिकटून बसलेला. कागद सोलताना हा आवाज कुठून यावा, कोण जाणे. हे घर कुणाचं, असं तेव्हा बांधावर बसलेल्या सहा वर्षांच्या तिनं विचारलं होतं, आणि आई पाठ वर न करताच म्हणाली होती, “तुझंच की गं.” ... ते घर म्हणजे हे. कंग्राळीतलं, पुढं अंगण, मागं गोठा, आणि कालपासून भिंतीवर हा त्रेचाळीस इंची टीव्ही, ज्याच्यापुढं बाकीची खोली एकाएकी जुनी दिसायला लागली होती.

“मम्मी, कागद नंतर काढ गं. रिमोट दे इकडं.”

सौम्या, तिची लेक. शहरात, कॅम्पातल्या एका ऑफिसात कामाला. आज रविवार म्हणून घरी. तिनं स्वतःच्या पगारातून हा टीव्ही घेतला होता आणि कालपासून सगळे त्याला नावं ठेवत होते, म्हणून ती हट्टाला पेटली होती. चित्र चांगलं नव्हतंच. मालिकेतल्या सुनांच्या गालांवर हळद फासल्यासारखा रंग, झाडं इतकी हिरवी की डोळ्यांत खुपावीत, आणि माणसं चालली की तेलावरून घसरल्यासारखी.

“ह्यो कसला नवा टीव्ही?” खुर्चीतून भावकू अण्णा म्हणाला. अक्काताईचा थोरला भाऊ, गुडघ्याच्या औषधासाठी सकाळच्या बसनं जांबोटीहून आलेला. “नाटकाची तालीम बघाय बसल्यागत वाटतंय.”

“मामा, टीव्ही चांगलाच हाय. बसवणाऱ्यानं दुकानातलं सेटिंग तसंच सोडलंय. दुकानात लांबनं उठून दिसावं म्हणून भडक ठेवतात.”

“म्हंजे बघायच्या कार्यक्रमाला नटवून बसवल्याली पोरगी. आता घरात आलीया, तवा तोंड धू म्हणावं.”

“तुमच्या वेळंला नटवायला पावडर तरी हुती का, मामा?”

“राख हुती की, चुलीतली!” अण्णा खो खो हसला, आणि अक्काताईही हसली. सौम्या एकेक बटण दाबत गेली. भडकपणा खाली आला. माणसांना घसरायला लावणारं काहीतरी होतं ते बंद झालं. मग कडांचा उगाच वाढवलेला टोकदारपणा कमी केला, आणि पडद्यावरची म्हातारी नटी हळूहळू बाई झाली — कपाळावरचा घाम, गालावरचे वांग, पापणीखालची थकलेली सावली. अक्काताईला गंमत वाटली. वाढवून नव्हे, काढून टाकून चित्र चांगलं होत होतं.

“आता ओळखीचं काहीतरी लावून बघू,” सौम्या म्हणाली. “तुझं लग्न लावते.”

लग्नाची कॅसेट. तीस वर्षांपूर्वी दिवा डोक्यावर घेतलेल्या माणसानं काढलेली. कॅसेटची सीडी झाली होती, सीडीची पेनड्राइव्ह, आणि दर दोन-तीन वर्षांनी कुणी ना कुणी ती लावायचंच.

“ऱ्हाऊ दे की,” अण्णा म्हणाला. “शंभरदा बघिटलंय.”

त्याचा हात खिशातल्या तंबाखूच्या चंचीकडं गेला. अक्षतांचा भाग आला की तो नेहमीच असा उठून बाहेर जायचा. बापाच्या जागी उभं राहून बहीण दुसऱ्याच्या हातात दिली, ते त्याला अजून सोसत नाही, असं अक्काताईनं ठरवून टाकलं होतं, आणि त्यासाठी तिचा त्याच्यावर जरा जास्तच जीव होता... आईवर नव्हता तितका.

कारण कंग्राळीतल्या त्या मंडपात सगळे होते. काका होता, मावश्या होत्या, जांबोटीहून टेंपो भरून बायका आल्या होत्या. आई नव्हती. बाप जाऊन चार वर्षं झालेली. कुंकू नसलेल्या बाईनं अक्षतांच्या वेळी पुढं यायचं नसतं, हे अक्काताईला ठाऊक होतं. पण पुढं कोण ये म्हणत होतं? बाकीच्या तशा बायका मागं बसतात, चुलीपाशी बसतात, निदान असतात तरी. पहिल्यांदा माहेरी गेली तेव्हा तिनं विचारलं होतं. आई भाकरी थापत होती. म्हणाली, “बस चुकली गं.” एवढंच. लेकीच्या लग्नाची बस चुकते? अक्काताई ताटावरून उठली होती. पुढं चौदा वर्षं ती माहेरी जायची ती सकाळी जाऊन संध्याकाळी परतायची, पाहुण्यासारखी, चहाचा कप स्वतः धुऊन ठेवून. आई दारात उभी राहून म्हणायची, ऱ्हा की आजची रात. ती म्हणायची, बस चुकंल... आणि आईचा चेहरा बघायला थांबायची नाही. मग आई गेली. निरोप उशिरा मिळाला म्हणून शेवटची भेट झाली नाही — असं तिनं सगळ्यांना सांगितलं होतं. त्या दिवसापाशी तिचं मन थांबत नसे. विहिरीच्या काठावरून जनावर वळावं तसं तिथून वळत असे.

“अगं बाई, सगळं वऱ्हाड जाडं झालं!” सौम्या हसली. जुनं चौकोनी चित्र रुंद पडद्यावर ताणलं गेलं होतं. नवरदेव यल्लाप्पा, जो आत्ता शेतात पाणी धरायला गेला होता आणि काठीसारखा होता, तो पैलवान दिसत होता. तिनं ते आवरलं. चित्र पुन्हा चौकोनी झालं, दोन्ही बाजूंना काळे पट्टे. “आणि अजून एक. जुना डबा टीव्ही चारी बाजूंनी चित्र खायचा. हाबी सवयीनं कडा कापतोय. त्याला म्हणायचं, हाय तेवढं सगळं दाखव.”

बटण दाबलं. चित्र किंचित आत सरलं, आणि डाव्या हाताला दोन-तीन बोटं रुंद अशी एक पट्टी उघडली, जी या घरात कुणी कधी पाहिली नव्हती.

अंतरपाट धरलेला. भटजींचा फाटका आवाज. अक्षता उडताहेत. आणि त्या पट्टीत मंडपाचा कडेचा वासा, आणि वाशाच्या आड — वाशाला टेकून, पदर दातांत धरून — एक बाई.

अक्काताईला आधी काहीच झालं नाही. डोळ्यांनी पाहिलं आणि ते पुढं कुणाला सांगितलंच नाही. मग ती उभी राहिली, आणि मांडीवरचा रिमोटचा खोका खाली पडला.

“थांबीव.”

“काय झालं?”

“थांबीव म्हटलं न्हवं!”

पदर दातांत. तसा पदर फक्त एकच बाई धरायची. पांढरं कपाळ. लुगड्याचा काठ पोटऱ्यांपर्यंत तांबड्या धुळीनं माखलेला — पायांत काही नाही — आणि उजव्या हाताची मूठ छातीशी घट्ट. दहा हातांवर. मी पाटावर, मुंडावळ्यांच्या आत रडत, दाराकडं डोळे लावून... आणि ती माझ्या पाठीशी, दहा हातांवर. मान वळवली असती तर. नुसती मान. पण नवरीनं मान वर करायची नसते, आणि मी केली नाही.

“सोड आता,” ती म्हणाली, आणि सौम्यानं चित्र सोडलं.

सावधान, सावधान. सगळे हात उडाले. वाशाआडची मूठ उघडली नाही. पुन्हा उडाले, नाही. शेवटी वाजंत्री वाजली, मंडपभर अक्षतांचा पाऊस झाला, तेव्हा त्या बाईनं पदर दातांतून सोडला, त्याच्या टोकात मुठीतल्या अक्षता सांडू न देता ओतल्या आणि गाठ मारली. मग कॅमेरा वळला. नवरानवरी. हार. यल्लाप्पाचं लाजरं हसू.

“ही कोण गं, मम्मी?”

अक्काताईनं पडद्यावरची नजर काढली. तिनं मागं पाहिलं. अण्णा बाहेर गेला नव्हता. उंबऱ्यापर्यंत पोचला होता, आणि तिथंच, चौकट धरून, पडद्याकडं बघत उभा होता. तळहातावरची तंबाखू तशीच होती.

“तुला ठावं हुतं,” ती म्हणाली.

“अक्के...”

“तुला ठावं हुतं, अण्णा.”

तो खाली बसला, उंबऱ्यावरच, दुखरा गुडघा लांब करून. “कुंकवाच्या बायकांसंगं टेंपोत ती बसली न्हाय, आन् बसबी चुकलीच हुती तिची,” तो म्हणाला. “आदल्या सांजची. मग रातीच निघाली, चालत. मंडपाच्या तोंडाला गाठली मी तिला. म्हनली, अक्षता टाकते आन् जाते, कुणाला दिसायची न्हाय. मी म्हटलं, पाव्हणं काय म्हनतील? उद्या पोरीच्या संसारात काय इस्कटलं तर तुझं नाव घेतील...” त्यानं तंबाखू झटकून टाकली. “मी हात धरून तिला वाशामागं हुबं केलं, अक्के. टाकू नगंस म्हटलं. आलतीस म्हून सांगायचं न्हाय, माझ्या गळ्याची आण घातली. जेवलीबी न्हाय. तशीच माघारी गेली.”

“तीस वर्सं...”

“रोज म्हनायचो, उद्या सांगू. मग ती गेली. मग सांगायला तोंडच ऱ्हायलं न्हाय.”

सौम्या एकदा आईकडं, एकदा मामाकडं बघत राहिली. पडद्यावर पंगती बसल्या होत्या, लख्ख, प्रत्येक द्रोण वेगळा दिसत होता. अक्काताई राग शोधत होती. तो यायला हवा होता — या माणसाच्या अंगावर धावून जावं, चंची हिसकून अंगणात भिरकवावी, पुन्हा या घराची पायरी चढू नकोस म्हणावं — तिनं आत हात घातला आणि हाताला राग लागलाच नाही. तीस वर्षं जो एवढा जपून ठेवला होता, तो जिच्यावर होता ती वाशाला टेकून उभी होती, धुळीनं भरलेल्या पायांनी. त्या जागी आता नुसती ती विहीर होती, आणि या वेळी मन वळलं नाही. काठावर येऊन थांबलं. वाकलं.

“अण्णा,” ती म्हणाली. “आई गेली त्या टायमाला... निरोप उशिरा न्हवता आला मला. सकाळी सातालाच पोचलाता. बोलावतीया म्हून. मी दुपारपतूर परड्यात शेंगा तोडत बसले. म्हटलं, वाट बघणं काय असतंय ते तिलाबी एकदा कळू दे.”