मायचा तांब्या

गोजरबाईच्या छातीत गाठ होती. डाक्तर तिले कर्करोग म्हणे. आता श्वासही पुरे ना. तिच्या कारभारी नावाच्या लेकानं तिले उंद्रीहून चिखलीले नेलं. डाक्तरानं पाठीत जाड सुई टोचून फुप्फुसाभोवतीचं पाणी काढलं. पिवळं, भगोणंभर. लय दिवसांनी म्हातारी आडवी निजली.

"पुन्हा भरलं की घेऊन ये," डाक्तर म्हणे.

कारभारीनं घरी येताच मायचा तांब्या उचलून फळीवर ठेवला. वरून गेलंच नाही तर आत भरन कुठून? सकाळ-संध्याकाळ तो तिले घोटभर दे, बस. माय ओठ चाटे.

"मेल्यावर तोंडात गंगा घालशीन बे, आज इहिरीचं दे!"

त्यानं तोंड फिरवलं, दिलं नाही.

तरी म्हातारीले पुन्हा धाप लागली. पुन्हा गाडी, पुन्हा सुई, पुन्हा भगोणं भरलं.

"मी तं पाजलंच नाही!" कारभारी चिडला. "मंग हे आलं कुठून?"

डाक्तर चमकला. "अरे, प्यायलेलं पाणी तिकडं जात नाही. हे गाठीमुळं झिरपतं. पाज तिला."

"मंग बंद कसं होईन?"

"होणार नाही. साचलं की काढायचं, तेवढाच श्वास मोकळा."

पाजलं तरी भरते, नाही पाजलं तरी भरते. कारभारीचं डोकं चालेना. घरी आल्यावर त्यानं फळीवरचा तांब्या भरून मायच्या हाती दिला. ती घटाघटा प्याली. पाणी नेमकं कुठं उतरून राह्यलं, म्हणून तो तिच्या गळ्याकडं टक लावून बसला.

"पाह्यतं काय बे?" तिनं रिकामा तांब्या पुढं केला. "भर अजून."